घरीच शिकवायचं ठरवलंय? आधी दाखला, मग पुस्तकं

घरी शिकवायचं मनात आलं की पालक पहिला प्रश्न विचारतात तो पुस्तकांचा. "एनसीईआरटी घ्यावं की केंब्रिज?" परभणीचा पालक असो, केजचा असो की उदगीरचा, सुरुवात इथूनच होते. माझं उत्तर दरवेळी एकच असतं: पुस्तकं नंतर. लेकरू दहावी कोणत्या दारानं देणार आहे आणि तोवर त्याचे कागद कुठं राहणार आहेत, हे आधी ठरवा. एवढं ठरलं की अभ्यासक्रम निवडणं हे एका संध्याकाळचं काम आहे. ते न ठरवता महागडं पॅकेज घेतलं, तर लेकरू सातवीच्या वयाला आलं की घरात धाकधूक सुरू होते आणि मग जो तो सल्ला देतो.

पुढचं सगळं सहा ते चौदा वयाच्या लेकरांच्या आईबापांसाठी आहे. पुण्या-मुंबईचं होमस्कूलिंग वेगळं. तिकडं गट आहेत, वर्ग आहेत, परीक्षा केंद्रं आहेत. आपल्याकडं मराठवाड्यात तालुक्याच्या गावी असं घर बहुधा एकटंच असतं, म्हणून इथल्या हिशोबानं लिहितोय.

हे कुणी करू नये

नवरा-बायको दोघंही दिवसभर बाहेर असतील आणि घरी फक्त मोबाईल असेल, तर करू नका. शाळेची फी परवडत नाही एवढंच कारण असेल, तरीही नको. जिल्हा परिषदेची शाळा फुकट आहे, पुस्तकं मिळतात, दुपारचं जेवण मिळतं, आणि बऱ्याच ठिकाणी गुरुजी मनापासून शिकवतात. ऊसतोडीला दिवाळीच्या सुमारास सहा महिने जाणाऱ्या कुटुंबासाठी हंगामी वसतिगृह आणि शिक्षण हमी कार्ड (जातील तिथल्या शाळेत बसू देणारं कार्ड) आहे. कारखान्याच्या फडावर लेकराला घेऊन जाणं म्हणजे होमस्कूलिंग नव्हे.

आणखी एक गोष्ट कडवट आहे, पण बोलायला हवी. "पोरगी मोठी झाली, शाळा लांब, आता घरीच शिकंल" असं सातवी-आठवीत म्हणणाऱ्या घरात पुढं काय होतं ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको. मुलाला शाळेत ठेवून फक्त मुलीला घरी बसवणार असाल तर त्याला शिक्षणाचं नाव देऊ नका.

ज्यांच्या घरी आई, बाप, आजोबा यांपैकी एक माणूस रोज दोन-तीन तास सलग देऊ शकतो, ज्याला स्वतःला वाचायची गोडी आहे आणि लेकरावर ओरडायची सवय नाही, त्यांनी जरूर पुढं वाचावं. पदवी लागत नाही. पाचवीपर्यंत तर आपल्याला ठाऊक असलेलं गणित आणि मराठी पुरून उरतं.

कायदा

शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक लेकराला मोफत शिक्षणाचा हक्क त्यानं दिला. त्याच्या कलम 10 मध्ये लेकराला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलंय. हे कर्तव्य पाळलं नाही तर पालकाला शिक्षा किंवा दंड मात्र या कायद्यात कुठं लिहिलेला नाही. घरी शिकवायला वेगळी परवानगी देण्याची किंवा नोंदणीची पद्धतच नाही, आणि तशी कुठली खिडकीही नाही. म्हणजे कुणी "आम्ही तुमच्या मुलाची सरकारी होमस्कूल नोंदणी करून देतो" म्हणून पैसे मागितले, तर सरळ नाही म्हणा.

गंभीर किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या लेकरांची गोष्ट निराळी आहे. 2012 च्या दुरुस्तीनं त्यांना घरी राहून शिकण्याचा पर्याय कायद्यातच दिलाय. अशा लेकराच्या पालकांनी नाव शाळेतच ठेवावं आणि गटसाधन केंद्रात (शिक्षण विभागाच्या तालुक्याच्या केंद्रात) जाऊन विशेष शिक्षकाची मागणी करावी. तो त्यांचा हक्क आहे.

दुसरा एक धोका लक्षात ठेवा. चार-पाच घरांनी मिळून लेकरं एकत्र शिकवणं ठीक. पण त्याला नाव दिलं, पाटी लावली, फी घेऊन वर्ग भरवले, तर ती मान्यता नसलेली शाळा ठरू शकते. विनामान्यता शाळा चालवणाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड आणि पुढं सुरू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत दंड याच कायद्यात आहे.

पायरी पहिली: शाळेचा कागद सांभाळा

शाळा सोडायची तर रीतसर सोडा. मुख्याध्यापकांना साध्या कागदावर अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि शाळा सोडल्याचा दाखला हातात घ्या. नुसतं पाठवणं बंद करू नका. कायद्यानं मुख्याध्यापकांना दाखला लगेच द्यावा लागतो. दाखल्यावर नावाची वेलांटी-उकार, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात, आईचं नाव हे सगळं तिथल्या तिथं जन्माच्या दाखल्याशी आणि आधारशी ताडून बघा. "नंतर करू दुरुस्ती" म्हटलं की ती दहावीच्या तोंडावरच आठवते.

मराठवाड्यात या कागदाची किंमत काय असते हे गेल्या काही वर्षांत घराघराला कळलंय. 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम सुरू झालं तेव्हा आजोबा-पणजोबांच्या कुणबी नोंदी शोधायला लोक निजामकाळातले महसुली कागद आणि शाळांची जुनी प्रवेश रजिस्टरं धुंडाळत होते. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा प्रवेश-निर्गम उतारा मिळाला तर घरात पेढे वाटले जात होते. जातीचा दाखला आणि पुढं पडताळणी, दोन्हीला शाळेची नोंद विचारतात. म्हणून आरक्षणाशी संबंध असलेल्या घराला मी स्पष्ट सांगतो: लेकराचं नाव निदान एकदा तरी मान्यताप्राप्त शाळेच्या रजिस्टरला लागू द्या. अंगणवाडीनंतर थेट घरी, असं करू नका.

शाळा कधी सोडावी? माझं मत आहे की पाचवी पास होऊन सोडलेली बरी. कारण पुढं येईल. त्याआधी सोडायचीच असेल तर पाचवीचं प्रमाणपत्र दुसऱ्या मार्गानं मिळवायचं काम तुमच्या यादीत वाढतं, एवढंच.

"नाव पटावर राहू द्या सर, लेकरू घरीच शिकंल" असा तोंडी सौदा काही जण करतात. तांड्यावरच्या, वस्तीवरच्या शाळेत पट कमी असतो, एक नाव गेलं तर शिक्षकाच्या पदाचा प्रश्न येतो, त्यामुळं सरही कधी कधी तयार होतात. पण तिथं खोटी हजेरी कुणाला तरी लावावीच लागते. तपासणीत सापडले तर सर अडचणीत येतात आणि त्यांच्या मागं तुम्ही.

दाखला घेतल्यावर ऑनलाईन नोंदीत लेकरू कुठल्याच शाळेत दिसत नाही. मग शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात गुरुजी, बालरक्षक (शाळाबाह्य लेकरांना शाळेत आणायचं काम करणारे) किंवा अंगणवाडीताई दारात येणारच. ते त्यांचं काम करतायत, त्यांच्याशी हुज्जत घालू नका. चहा द्या आणि फाईल दाखवा. फाईलमध्ये दाखल्याची प्रत, लेकराच्या वह्यांचे महिन्यागणिक नमुने, वाचलेल्या पुस्तकांची यादी आणि पुढं कोणती परीक्षा देणार हे लिहिलेला एक कागद असावा. "शिकतंय" हे तोंडी सांगण्यापेक्षा वही पुढं ठेवली की बोलणं लवकर संपतं.

पायरी दुसरी: दहावीचं दार

घरी शिकलेल्या लेकराला दहावीची तीन दारं आहेत. त्यातली दोन आपल्या उपयोगाची.

पहिलं, सतरा नंबरचा फॉर्म. राज्य मंडळाची दहावी खासगी विद्यार्थी म्हणून द्यायची. अट साधारण अशी की लेकरू किमान पाचवी पास हवं आणि चौदा वर्षं पूर्ण हवीत. पाचवीचा आग्रह मी धरला तो यासाठी. अर्ज ऑनलाईन भरायचा, मूळ दाखला, आधार, फोटो ही कागदपत्रं ठरलेल्या संपर्क केंद्र शाळेत जमा करायची. दाखला हरवला असेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र, म्हणजे तहसीलच्या चकरा. अर्ज पावसाळ्यात सुटतात आणि परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. दिवाळी झाल्यावर जागे झालात तर विलंब शुल्क तरी भरावं लागतं नाहीतर वर्ष तरी जातं. आपल्याकडं दोन विभागीय मंडळं आहेत. लातूर, नांदेड, धाराशिव हे लातूर मंडळाकडं. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली हे संभाजीनगर मंडळाकडं. तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा संपर्क शाळेतच होतात, तेव्हा फॉर्म भरला की त्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना जाऊन भेटा. प्रयोगवही कशी लिहायची, कधी यायचं, हे तेच सांगतील.

दुसरं दार राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थानाचं, म्हणजे सगळे ज्याला एनआयओएस म्हणतात ते. दहावीसाठी चौदा वर्षं पूर्ण लागतात. आठवी पासचा कागद नसेल तर हा अभ्यास झेपेल एवढं आपण शिकलोय, असं स्वतः लिहून देता येतं. पाच विषय, त्यात एक भाषा हवीच. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एकदा प्रवेश घेतला की पाच वर्षं चालतो आणि त्यात नऊ संध्या मिळतात. पाचही विषय एकदम द्यावेत अशी सक्ती नाही. या वर्षी दोन, पुढच्या वर्षी तीन, असं चालतं. गणिताला घाबरणाऱ्या लेकराला गणिताऐवजी दुसरा विषय घेता येतो. ही त्यातली खरी सोय, आणि खरा सापळाही. तेराव्या वर्षी "नको गणित" म्हणणाऱ्या पोराला सतराव्या वर्षी पॉलिटेक्निकला जावंसं वाटू शकतं. दहावी मराठीतून देता येते. बारावीही त्याच संस्थेतून करायची असेल तर आपल्या विषयाला माध्यम कोणतं आहे ते आधी बघून घ्या.

तिसरं दार केंब्रिज या परदेशी मंडळाचं. इंग्रजीतून, खर्च मोठा, आणि खासगी विद्यार्थ्याला बसवून घेणारं केंद्र शोधायला पुण्या-मुंबईकडं बघावं लागतं. परदेशी जायचं पक्कं नसेल तर मी याच्या वाटेला जाणार नाही.

आणि जे दार नाही तेही सांगतो. सीबीएसईची दहावी घरी शिकून थेट देता येत नाही, मान्यताप्राप्त शाळेचा नियमित विद्यार्थी असावा लागतो. एनसीईआरटीची पुस्तकं खुशाल वापरा, पण "आम्ही सीबीएसई करतोय" या भ्रमात राहू नका.

दहावीआधी कागद हवा असेल तर महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी आणि आठवीची परीक्षा आहे. पाचवीला दहा वर्षं पूर्ण, आठवीला तेरा. शाळेत कधीच न गेलेल्या किंवा चौथीत सोडलेल्या लेकराला हा मार्ग हाताशी असलेला बरा.

काही गोष्टी मात्र हातच्या जातात आणि त्या निर्णयाआधीच मोजा. नवोदय, म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा; तिच्या सहावीच्या प्रवेशाची परीक्षा द्यायला त्याच जिल्ह्यातल्या मान्य शाळेत पाचवीला असावं लागतं. एनएमएमएस (आठवीतल्या लेकरांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती) आणि राज्याची शिष्यवृत्ती परीक्षाही शाळेमार्फतच. आपल्या भागातल्या हुशार, गरीब पोरांसाठी नवोदय ही मोठी शिडी आहे. पोराची तयारी असेल तर पाचवी शाळेत काढा, परीक्षा देऊ द्या, मग ठरवा. अकरावीचा प्रवेश 2025-26 पासून राज्यभर ऑनलाईन झालाय आणि इतर मंडळांची मुलंही तिथं अर्ज भरतात, त्यामुळं लातूरला अकरावी करायचं स्वप्न घरी शिकल्यानं मोडत नाही. एनआयओएसमधून बारावी करून नीट, म्हणजे डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा, द्यायची असेल, तर त्या वर्षाची माहिती पुस्तिका स्वतः वाचा. क्लासवाल्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

पायरी तिसरी: आता पुस्तकं

दार ठरलं की पुस्तकांचं कोडं सुटतं. सतरा नंबर भरणार असाल तर बालभारती हाच कणा. एनआयओएसला जाणार असाल तरी आठवीपर्यंत बालभारतीच, नववीच्या वयाला एनआयओएसचं साहित्य. पुण्यात 27 जानेवारी 1967 ला सुरू झालेल्या बालभारतीची पहिली ते बारावीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात. नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्यानं येतोय, पहिलीचं नवं पुस्तक 2025-26 ला आलं, तेव्हा उतरवताना आवृत्तीचं वर्ष बघा. लहान लेकराला मात्र छापील पुस्तकच द्या. तालुक्याच्या दुकानात संच मिळतो, आणि शेजारच्या पोराचं गेल्या वर्षीचं पुस्तक तर फुकट.

पीडीएफ आणि ॲपवर सगळं उभं करू नका, असं म्हणायला एक साधं कारण आहे. लाईट. वादळ आलं की आमच्याकडं दोन-दोन दिवस लाईट नसते, आणि मळ्यातल्या घरी रेंज बांधावर जाऊन धरावी लागते. वर्षभराचे पैसे आधी घेऊन रोज व्हिडिओ दाखवणारा अभ्यासक्रम अशा घरात चौथ्या आठवड्यात बंद पडतो. दीक्षा या सरकारी ॲपवरचे धडे उतरवून ठेवा आणि जोडीला म्हणून वापरा.

गणिताला बालभारतीसोबत एनसीईआरटीचं त्याच इयत्तेचं पुस्तक जवळ ठेवावं असं मला वाटतं. उदाहरणांची धाटणी वेगळी, त्यामुळं पाठांतर उघडं पडतं. विज्ञानाला अरविंद गुप्तांची खेळणी आहेत. टाकाऊ वस्तूंपासून करायचे प्रयोग आणि मराठीतली कितीतरी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. वाचायला 'किशोर' मासिक, 1971 पासून निघतंय. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या मराठी गोष्टी. आणि गावातलं सार्वजनिक वाचनालय. तिथल्या ग्रंथपालाला कुणी लेकरू रोज येतंय याचंच अप्रूप असतं, तो कपाटं उघडून देतो. तिसरीची जुनी परिसर अभ्यासाची पुस्तकं जिल्ह्यागणिक वेगळी होती. आपल्या जिल्ह्याचं कुणाकडं सापडलं तर सोडू नका.

भाषेचं माध्यम हा घरात भांडणं लावणारा विषय. माझं म्हणणं एका वाक्यात: लेकरू ज्या भाषेत भांडतं त्या भाषेत त्याला आधी वाचायला शिकवा. देगलूर-बिलोलीकडं घरात तेलुगू असेल, उदगीर-निलंग्याकडं कन्नड, तांड्यावर गोरमाटी, शहरात दखनी. तिथं मराठी दुसरी भाषा आहे हे मानून सहा महिने जास्त द्या. इंग्रजी आठव्या वर्षापर्यंत कानावर पडू द्या, वाचायची घाई नको. इंग्रजी शाळेतून काढलेल्या लेकराचं उलटं असतं, त्याला मराठी जोडाक्षरांपासून घ्यावं लागतं आणि तेव्हा आईबापांना कळतं की चौथीतल्या पोराला दुकानाची पाटी वाचता येत नव्हती.

मॉन्टेसरी, वॉल्डॉर्फ, अनस्कूलिंग या शिक्षणपद्धतींबद्दल वाचा, पण त्यातलं एक निवडून त्याचं कुंकू लावायची गरज नाही. आपल्याकडं गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी शंभर वर्षांपूर्वीपासून जे काम केलं, त्यात अंगण, माती, ओढा हीच साधनं होती. मॉन्टेसरीचा लाकडी संच विकत घ्यायला निघालेल्या बापाला मी एवढंच विचारतो की घरात धान्य मोजायचं पायली-शेर-मापटं आहे का.

पायरी चौथी: इयत्ता विसरून चाचणी

शाळेतून काढलेलं लेकरू पाचवीत होतं म्हणून पाचवीचं पुस्तक उघडू नका. 'असर'ची चाचणी वापरा. प्रथम संस्था 2005 पासून गावोगाव करते ती, मराठीत उतरवून घेता येते. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात हातच्याची दोन अंकी वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागाकार. दहा मिनिटांत कळतं लेकरू कुठं अडलंय. जिथं अडलंय तिथून सुरू करा, मग ते तिसरीचं पुस्तक का असेना. आजी "एवढं मोठं पोरगं तिसरीचं वाचतंय?" म्हणाली तर पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घाला.

त्याआधी काही आठवडे काहीच शिकवू नका. शाळेत मार खाल्लेलं, चिडवलं गेलेलं किंवा नुसतंच कंटाळलेलं लेकरू घरी आलं की आधी नुसतं लोळतं. लोळू द्या. गोष्टी वाचून दाखवा, शेतात न्या, स्वयंपाकात घ्या. वही पुढं सरकवायची घाई केली की घर हीच शाळा होते आणि तुम्ही न आवडणारे सर.

दिवस कसा बसवायचा

सहा-सात वर्षांच्या लेकराला रोज तास-दीड तास बसून काम पुष्कळ. दहा-अकराच्या वयाला अडीच-तीन तास. आठ तासांचं वेळापत्रक भिंतीवर लावणारी घरं पहिल्याच महिन्यात थकतात. मार्चनंतर आपल्याकडं दुपारी बसवत नाही, पत्रे तापतात, तेव्हा सकाळी सात ते साडेनऊ एवढाच अभ्यास आणि दुपारी गोष्टीचं पुस्तक किंवा झोप. गणित आणि वाचन रोज. इतिहास, भूगोल, विज्ञान आठवड्यात दोन-दोन दिवस.

वर्षाची आखणी जूनपासूनच हवी असं नाही. शेतीचं घर असेल तर पेरणीचे पंधरा दिवस आणि दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराची सोयाबीन काढणी सोडून आखा. पोळा आणि येळवस (वेळ अमावस्या) या दोन दिवशी वही उघडायचा प्रश्नच नाही. येळवशीला पांडवांची पूजा, आंबिल, भज्जी आणि शिवारभर हिंडणं यात परिसर अभ्यास किती होतो ते मोजत बसू नका.

मोंढ्याची पट्टी

एक धडा जवळून दाखवतो, म्हणजे पुस्तक आणि घर जोडायचं कसं ते दिसेल. दशांश अपूर्णांक पाचवी-सहावीत लेकरांना नकोसे होतात. घरात मोंढ्यावरून, म्हणजे धान्याच्या बाजारातून आलेली सोयाबीनची पट्टी (विक्रीच्या हिशोबाचा कागद) असते, नसेल तर शेजाऱ्याकडून मागून आणा. समजा माल भरला 7 क्विंटल 40 किलो आणि भाव लागला 4,300 रुपये. आधी लेकराला नुसतं अंदाजानं विचारा, "तीस हजाराच्या वर की खाली?" मग 7.40 का लिहायचं आणि 7.4 म्हटलं तर फरक पडतो का, यावर भांडू द्या. 7 क्विंटल 4 किलो असतं तर कसं लिहिलं असतं? 7.04. शून्याची जागा फळ्यावर कधी पटत नाही ती इथं पटते, कारण 36 किलोचा फरक म्हणजे दीड हजार रुपये हे लगेच दिसतं. गुणाकार केला की 31,820. त्यातून हमाली, तोलाई वजा करून पट्टीवरच्या खालच्या आकड्याशी ताळा जमतोय का बघायचं. जमला नाही तर चूक आपली की पट्टीची, हे शोधायला लेकरू स्वतःच पुन्हा बसतं. शेवटी बॅगेची ओल धरून किती किलो कटलं असेल हे आजोबांना विचारायला पाठवा. टक्केवारीचा धडा तिथं आपोआप सुरू होतो.

असंच पावसाचं. सरळ उभ्या कडांची काचेची बरणी, बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवलेली, अंगणात उघड्यावर. रोज सकाळी साडेआठला नोंद, कारण हवामान खातंही त्याच वेळेला मोजतं. महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पडला की महसूल खातं अतिवृष्टी धरतं, हे लेकराला पंचनाम्याच्या गप्पांतून ठाऊक असतंच. आपल्या बरणीचा आकडा आणि आपल्या महसूल मंडळाचा आकडा वेगळा का आला, हा प्रश्न सप्टेंबरपर्यंत पुरतो.

सहलींसाठी लांब जायला नको. दौलताबादचा किल्ला, मलिक अंबरच्या नहरींचं शहर म्हणजे छत्रपती संभाजीनगर आणि तिथली पाणचक्की, पैठणचा नाथसागर, तेरचं लामतुरे संग्रहालय, अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी. किल्लारीला जाऊन 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेबद्दल तिथल्याच एखाद्या आजीकडून ऐकलेलं लेकरू भूकंपाचा धडा विसरत नाही. 17 सप्टेंबरला झेंडावंदनाला गावच्या शाळेत जरूर पाठवा. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन काय आहे हे राज्याच्या पुस्तकात थोडकंच असतं, घरी जास्त सांगावं लागतं.

भावकी, शेजार आणि सोबती

"लेकरू शाळंत काहून जात नाही?" हा प्रश्न लग्नात, दहाव्याला, बाजारात, सगळीकडं येणार. लांबलचक समजावू नका. "घरी शिकतंय, सतरा नंबर भरून दहावी देणार" एवढं पुरे. सतरा नंबर सगळ्यांना माहीत असतो, त्यामुळं होमस्कूलिंग शब्द न वापरता काम भागतं. आजी-आजोबांना मात्र आधी विश्वासात घ्या, आणि नुसतं पटवू नका, काम द्या. जात्यावरच्या ओव्या लिहून घेणं, गुंठे-एकराचा हिशोब, जुन्या दुष्काळाच्या आठवणी हे त्यांच्याकडं सोपवलं की तेच बाहेर तुमची बाजू मांडतात.

सोबत्यांचा प्रश्न खरा आहे. सकाळी अकरा ते पाच गल्ली ओस असते. संध्याकाळचं मैदान, कुस्तीची तालीम, भजनी मंडळ, पोहायला विहीर यांतलं काहीतरी रोज हवं. आठवड्यातून एकदा दुसऱ्या घरची लेकरं जेवायला बोलवा. बारा-तेराच्या वयात सोबती नाहीत म्हणून लेकरू कुढायला लागलं, तर ती नाटकं समजू नका. परत शाळेत घालायचं ते सर्वात मोठं कारण असू शकतं.

परत जायचं असेल तर

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 4 प्रमाणं शाळाबाह्य लेकराला वयानुसार योग्य वर्गात प्रवेश मिळतो, मागं पडलं असेल तर विशेष प्रशिक्षणही मिळतं. अकरा वर्षांच्या पोराला दुसरीत बसवायची गरज नाही, आणि वर्ष मध्यावर आलंय म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत मूळ दाखला, जन्माचा दाखला, आधार आणि तुमची ती फाईल घेऊन जा. मुख्याध्यापक अडले तर केंद्रप्रमुखांना भेटा, तिथंही अडलं तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत घेऊनच बाहेर पडा. पाचवीपर्यंत हा रस्ता सरळ आहे; सहावी ते आठवीत बसायचं तर राज्याच्या 2023 च्या नियमानं पाचवीची वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते. नववीत थेट प्रवेश घ्यायचा तर आठवीचा कागद विचारतात, म्हणून राज्य मुक्त विद्यालयाची आठवीची परीक्षा तेराव्या वर्षीच देऊन ठेवा, मग पुढं सतरा नंबर भरायचं ठरलेलं असलं तरी.